कडी माझ्याच हाताने लागली

भाई,

तुला पुरून चार दिवस झाले, तेव्हा मला कळलं. रेडीहून तुझ्या मिशनच्या पाद्रीबाबांचं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. मधली सुट्टी होती, चौथीच्या मुली अंगणात लंगडी खेळत होत्या. कार्डावर पाच ओळी. छातीचं जुनं दुखणं उलटलं, पंधरा दिवस ताप होता, बुधवारी दुपारी शांतपणे गेलास. त्यातला 'शांतपणे' हा शब्द खरा नव्हता, हे मला नंतर समजलं.

घंटा झाली आणि मी वर्गात जाऊन भागाकार शिकवला. रडले नाही. ज्याच्या पत्रांना सहा वर्षं उत्तर दिलं नाही, त्याच्यासाठी चारचौघांत कुठल्या तोंडाने रडायचं?

मी मास्तरीण झाले तीसुद्धा तुझ्यामुळे. आठवतं ना? बाबा हायस्कूलचे हेडमास्तर, घरातही शाळेतलीच मराठी बोलणारे. 'माणूस आपल्या निश्चयाने घडतो' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते आपण दोघांनी हजार वेळा ऐकलं असेल. पण माझं लग्न मात्र त्यांनी माझ्या निश्चयाची वाट न पाहता ठरवायला घेतलं. मिठबावचं स्थळ होतं, हापूसची कलमं होती, माणसं चांगली होती. मी ताटावर मान खाली घालून बसले होते. तू हातातला घास ताटात ठेवलास आणि म्हणालास, "बाबा, तिका विचारा. तिचा तिका ठरवूंदे."

बाबांसमोर असं कोणी बोललं नव्हतं. ते आठ दिवस तुझ्याशी बोलले नाहीत, पण नवव्या दिवशी त्यांनी माझा ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज आणला. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या तुझ्या एका वाक्यातून निघालं आहे. म्हणून पुढे तूच जेव्हा माणसाच्या मोकळ्या इच्छेच्या मुळावर उठलास, तेव्हा मला तुझा इतका राग आला.

ते सुरू झालं घाटावरच्या मिशनच्या इस्पितळात. छातीच्या दुखण्याने तू अकरा महिने तिथे होतास. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, तुझ्याच वयाचा. तीच इंजेक्शनं, तीच पेज, तेच डॉक्टर. तो गेला आणि तू उठून बसलास. बाबांनी तुला लिहिलं, 'तुझी जगण्याची इच्छाशक्ती प्रबळ होती.' ते पत्र तू मला नंतर दाखवलंस आणि म्हणालास, "तेका माझ्यापरास जास्ती जगूचा होता, बाय. दोन ल्हान पोरां होती तेची. रोज मोजून श्वास घेय. मी तर कधीच हात टेकललंय. मगे मी कसो वाचलो?"

या प्रश्नाला आपल्या घरात उत्तर नव्हतं. त्या इस्पितळातल्या पाद्रीबाबांकडे होतं. त्यांचा पंथ कॅल्विनच्या शिकवणीतला. देव ज्याला उचलतो तो उठतो, उठणाऱ्याच्या लायकीमुळे नव्हे आणि त्याच्या निश्चयामुळेही नव्हे. माणूस आपण होऊन देवाला निवडत नाही, कारण त्याची इच्छाच बिघडलेली असते. देव आधी निवडतो, मग माणसाला वाटतं की आपण निवडलं. हे ऐकून तुला म्हणे पहिल्यांदा त्या शिंप्याच्या खाटेकडे मान वर करून बघता आलं. आपण त्याच्याहून शहाणे, धीराचे, म्हणून वाचलो, असं मानायची सक्ती सुटली. ते मला तेव्हाही समजलं होतं, भाई. कबूल मात्र केलं नाही.

तू बाप्तिस्मा घेऊन घरी आलास. बाबांनी ओसरीवरूनच सांगितलं, "हा तुझा निर्णय आहे. मग त्याची फळंही तुझीच." तू म्हणालास, "माझो निर्णय नाय, बाबा." एवढंच बोलून पिशवी उचललीस. आई आत चुलीपुढे बसली होती. तिला उठूही दिलं नाही त्यांनी. तू रेडीला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झालास आणि या घरात तुझं नाव घेणं बंद झालं.

त्यानंतरचे आपले मे महिने मला अजून जसेच्या तसे दिसतात. तू बोटीने यायचास. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं घर तारकर्लीला, तिच्या माडांत आपण दोन-तीन दिवस बसायचो. बाबांना मी मैत्रिणीकडे जाते इतकंच माहीत. आईला खरं माहीत असायचं. ती माझ्या पिशवीत तुझ्यासाठी सोलं घालायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "मैत्रिणीक दी हां."

आणि आपण भांडायचो. बाकी काही बोलायला आपल्याला जमतच नसे. मी चिडले की शाळेतल्या मराठीवर जायची, तू मालवणी सोडत नसायचास.

"माणूस मोकळा नसेल तर त्याला चांगलं-वाईट कसं म्हणणार?" मी विचारलं होतं.

तू म्हणालास, "तुझी मोकळी इच्छा म्हणजे काय, तां आधी सांग. समज, सगळा तसाच आसा. तूच, तुझा मन तांच, दिवस तोच. तरी एकदा तू ह्या करशीत, एकदा तां. मगे ह्याच कित्याक केलंस, हेका कारण काय? काय नाय. कारण नसताना माडावरसून नारळ पडता, बाय. तेका कोण बरो म्हणता, कोण वायट?"

तू पुढे म्हणालास, "माझ्या मनातसून निघाला तांच माझा. म्हणानच तेचो जाब माका द्यावचो लागतलो."

"पण मनच बांधलेलं आहे म्हणतोस ना?"

"माश्याक कोणी बांधललो नसता. तो आपल्या खुशीन फिरता. पण डोंगरावर जावचा असा तेच्या मनातच येणा नाय. तसा आमचा."

"मग पाण्यात राहिला म्हणून माशाला शिक्षा कशाला?"

तू हसलास. त्या वर्षी तुझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पुढच्या मेमध्ये बोटीतून उतरताच, पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणालास, "तो थय राजीखुशीन रवता म्हणान!" वर्षभर तू तेच घोळवत होतास. मी इतकी हसले की धक्क्यावरचे हमाल बघायला लागले. तेवढं हसणं आपल्या दोघांच्या वाट्याला नंतर आलं नाही.

गोवा सुटला त्याच्या आदल्या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. पोटात पाणी होत होतं. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा तिने एकदाच, बाबांच्या समोर, तुझं नाव घेतलं. बाबा म्हणाले, "ते या घरात होणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तार करणार नाहीस." मी केली नाही. पोस्ट आपल्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. पुढच्या दोन दिवसांत मी तिथून चार वेळा गेले.

आपल्याच वाडीतला एक जण रेडीला खाणीवर होता, त्याने तुला सांगितलं. पावसात बोटी बंद. तू एसटीने, खाडीवरच्या तरीतून, चिखलातून दीड दिवस प्रवास करून आलास. सकाळचे दहा वाजले असतील. तू दारासमोरच्या खळ्यात उभा राहून हाक मारलीस, "बाय!"

मी दारात होते. बाबा आईच्या उशाशी होते, ते उठलेही नाहीत. तिथूनच म्हणाले, "सुमन, दार लाव."

मी तुझ्याकडे बघितलं. तू भिजून काळानिळा झाला होतास. तू काही मागितलं नाहीस. मी दार लावलं आणि कडी घातली.

इतकं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईने डोळे उघडले. तिला तुझी हाक ऐकू गेली होती. तिने विचारलं, "कोण इलो गो?"

मी म्हणाले, "कोण नाय. वारो."

ती थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा बोलली नाही. संध्याकाळी ती गेली. ते तिने कोणाशी बोललेले शेवटचे शब्द, भाई, आणि त्यांना मी खोटं उत्तर दिलं. बाबांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं.

तू स्मशानाच्या दगडी गडग्यापलीकडे उभा होतास, हे लोकांनी मला सांगितलं. दोन दिवसांनी मी मैत्रिणीकडे म्हणून निघाले आणि तू तारकर्लीला त्या माडांत माझी वाट बघत होतास. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला तुझ्याकडून एकच हवं होतं. तू म्हणायला हवं होतंस की तुझ्या हातात काही नव्हतं, बाय. तुझा सगळा धर्म हेच सांगतो, असं मला वाटत होतं. आज पहिल्यांदा तो माझ्या उपयोगी पडेल, असंही.

मी म्हणाले, "मी काय करू शकत होते, सांग. बाबा समोर होते."

तू विचारलंस, "कडी कोणी लावली?"

"मी."

"कोणी हात धरललो?"

"नाही."

मग मीच विचारलं, "मी उघडू शकले असते का? तूच सांग, तुझ्या हिशेबाने."

"तुझ्या मनात असता तर उघडलंच असतंस. तुझ्या मनात बाबांचा भय मोठा होता. माझी नि आवशीची माया तेच्यापरास ल्हान पडली."

"मग माझा काय दोष?"

"तोच," तू म्हणालास.

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी ओरडले, "तुझ्या देवाने हे आधीच ठरवलं होतं ना? मग दोष त्याचा!"

"तेना ठरवला तां कशासाठी, माका कळणा नाय. तू केलंस तां भयान केलंस. दोन्ही खरा आसा."

"आणि आई? तिला निवडलंय त्याने, की त्या शिंप्यासारखं सोडून दिलंय?"

तुझा चेहरा त्या वेळी असा झाला की मला दुसऱ्याच क्षणी विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "माका ठावक नाय," तू म्हणालास. "रोज विचारतंय. उत्तर येणा नाय."

मी पायात चपला घालायला लागले. तू माझा दंड धरलास. तुझी बोटं ताप असल्यासारखी गरम होती. म्हणालास, "बाय, आयक. माफी चुकीक असता. नाइलाजाक माफी कसली? तुझो दोष नाय असा सांगलंय, तर मगे तुका माफ कसा करू? आणि माका करूचा आसा. केलेला आसा."

मी हात सोडवून घेतला आणि निघाले. तुझी माफी मला तेव्हा शिवीसारखी लागली. मला निर्दोष व्हायचं होतं. माफी ही दोषी माणसाची वस्तू, ती मला नको होती.

तुझी पत्रं येत राहिली. मी सगळी वाचली, एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. सुरुवातीला त्यांत समजावणं असायचं, बाबांनाही माफ केल्याचं असायचं, पुढे नुसती खबरबात. रेडीच्या बंदरात लोखंडाची माती भरायला आलेली परदेशी बोट. कोसळलेल्या दरडीखाली पाय गेलेला मजूर. गेल्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दवाखान्याच्या कपाटातल्या बाटल्या कशा वाजल्या. ते शेवटचं पत्र. त्याच्या तळाशी होतं, 'वाद घालूक तरी लिही.'

मी लिहायला बसलेही होते, भाई. 'भाईस' एवढं लिहिलं आणि पुढे सुचलं नाही. उद्या बघू म्हटलं. मी मोकळी होते ना. उद्या लिहू शकले असते, परवाही लिहू शकले असते.

कार्ड आल्यावर शनिवारी मी रेडीला गेले. मार्थाबाई भेटल्या. तुझ्या हाताखाली इतकी वर्षं मलमपट्ट्या करणाऱ्या, वेंगुर्ल्याकडच्या, कपाळ मोठं, आवाज बसका. त्यांनी मला तुझी कबर दाखवली. लाल मातीचा ताजा ढीग, वर दगड लावायचा आहे अजून. मग तुझी खोली दाखवली. खाट, ट्रंक, खिडकी. तिथे बसून त्या बोलत राहिल्या.

खाणीवरचा एक मजूर दर पगाराला दारू पिऊन डोकं फोडून यायचा. बाकीचे त्याला हाकलायचे. तू त्याची जखम धुवायचास आणि एकदाही उपदेश करायचा नाहीस. मार्थाबाईंनी एकदा विचारलं, इतकी माया कशाला या माणसाची? तू म्हणालास, "माका उचलल्यानी. ह्येका अजून नाय. आमच्यात दुसरो फरक खंय आसा?" तुझ्या मातीला तो मजूर आला होता, शुद्धीत होता. ढिगावर हाताने माती सारखी करत बसला होता, असं त्या म्हणाल्या.

ते ऐकून मला तुझ्या विचाराचा पहिल्यांदा मत्सर वाटला. मी इतकी वर्षं माणसाच्या मोकळ्या इच्छेची बाजू घेतली आणि पाटीवर गणित चुकलेल्या पोरीलासुद्धा 'मनावर घेतलं असतंस तर जमलं असतं' असं सुनावलं. तू कोणालाच तसं म्हणाला नाहीस.

मग मी विचारलं, शेवटी कसा होता? मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पाद्रीबाबांका सांगा नकात," त्या म्हणाल्या. "ते घाबरले हुते. ताप चढलो काय माझो हात धरीत आणि विचारीत, 'मार्थाबाई, माका निवडलेला नसात तर?' मी सांगी, कंपाउंडरबाबा, तुमी इतक्या लोकांची सेवा केल्यात. तर म्हणत, 'तां मी केलंय. मी केलेल्याचो हय उपेग नाय.' असा तीन दिवस चालला. मगे बोलणाच बंद झाला."

भाई, नऊ वर्षांच्या भांडणात मला तुझी एकही फट सापडली नव्हती. ती ही होती. आधाराला धरण्यासारखं तुझ्याकडे आपलं स्वतःचं काहीच नव्हतं. तूच ते सगळं सोडून दिलं होतंस. मी तिथे असते तर तो वाद जिंकले असते. आणि तुझी शपथ, मला जिंकायचं नव्हतं. मी तुला सांगितलं असतं की तुझाच देव खरा आहे, त्याने तुला निवडलंय, मला पक्कं ठाऊक आहे. आईशी एकदा खोटं बोलले होते, तुझ्यासाठी आणखी एकदा बोलले असते. पण तू मला बोलावलं नाहीस, आणि मी आले नाही.

रविवारी दुपारी घरी परतले. बाबा आता ऐंशीला टेकलेत. डोळ्यांनी कमी दिसतं, ओसरीवर बसलेले असतात. मी कुठे गेले होते ते त्यांनी विचारलं नाही. मी समोर बसले आणि सांगितलं, "भाई गेला." तुझं नाव त्या घरात आईने घेतलं होतं, त्यानंतर पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

ते म्हणाले, "मी त्याला बोलावणार होतो. या मेमध्ये. मी ठरवलं होतं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नसतं बोलावलं तुम्ही."

"का नाही? मला कोणी अडवलं होतं?"

"कोणीच नाही, बाबा. सोळा वर्षांत एक दिवससुद्धा कोणी अडवलं नव्हतं."

मला वाटलं, आता हेडमास्तरांसारखे गरजतील. पण ते लहान आवाजात म्हणाले, "म्हणजे माझ्या हातात नव्हतं, असं म्हणतेस?"

तारकर्लीला माडाखाली मी तुझ्या तोंडाकडे जशी बघत होते, तसे ते माझ्या तोंडाकडे बघत होते. एक 'होय' म्हटलं असतं तर त्या म्हाताऱ्याला झोप लागली असती.

"तुमच्याच हातात होतं," मी म्हणाले. "तुम्हाला ते नको होतं."

ते रडले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, कसं थांबवायचं ते मला ठाऊक नाही. मग त्यांनी विचारलं, "त्याने मला माफ केलं होतं का?"

"केलं होतं. पत्रात लिहिलं होतं त्याने."

"आणि तू?"

भाई, दोष कुठे असतो ते तू मला शिकवून गेलास. तो नेमका तिथेच आहे, माझाही आणि त्यांचाही. पण त्याच्या पुढचं पाऊल तू कसं टाकलंस? दाराबाहेर भिजत उभा राहिलास, आणि दोन दिवसांत, ताप अंगात असताना, माझा दंड धरून ते म्हणालास. तू म्हणशील, ते माझं नव्हतंच, माझ्याकडून करून घेतलं गेलं. असेल. मी कालपासून वाट बघते आहे, माझ्याकडून कोणी करून घेत नाही.

बाबा ओसरीवर अजून उत्तराची वाट बघत बसले आहेत. मी त्यांना पेज नेऊन दिली आहे. ती निवत चालली आहे.